आठवा वर्ग कोणाचा?

वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या शाळेच्या कचेरीत एक लोखंडी कपाट असते आणि त्या कपाटात दाखल-खारीज असते. पुण्या-साताऱ्याकडे ज्याला जनरल रजिस्टर म्हणतात तेच हे. मुलगा आला की दाखल, गेला की खारीज. नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, कोणत्या वर्गात घेतला, कोणत्या वर्गातून गेला, का गेला, एवढे रकाने. हल्ली हे कपाट उघडते ते बहुधा जातपडताळणीसाठी. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, म्हणून नातवंडे आजोबा-पणजोबांची नोंद शोधत येतात. शाळांचा इतिहास लिहिणाऱ्याने या गरजवंतांचे उपकार मानले पाहिजेत. वाळवीच्या तोंडून या वह्या वाचल्या त्या आपल्यासारख्यांमुळे नव्हे.

नातवंडे जातीचा रकाना वाचतात. मला बराच पुढचा एक रकाना महत्त्वाचा वाटतो: कोणत्या वर्गातून गेला. मुले शाळा सोडतात ती दोनच ठिकाणी घोळक्याने सोडतात, जिथे घरची ऐपत संपते तिथे आणि जिथे शाळा संपते तिथे. ऐपतीचा हिशेब सरकारी कागदात सापडत नाही, पण शाळा कुठे संपवायची हे मात्र सरकारच ठरवत आले. अमरावती आणि अकोल्याच्या माध्यमिक शाळांचे कागद, म्हणजे गॅझेटियरे, कायदे, श्वेतपत्रिका आणि अलीकडचे शासननिर्णय, एकापुढे एक मांडले की एक गोष्ट ठळक दिसते. वऱ्हाडाचे सरकार बदलले की शाळेचा सांधा सरकतो, आणि सरकणाऱ्या सांध्यात दरवेळी सापडतो तो आठवा वर्ग.

सुरुवात १८५३ च्या तहापासून करावी लागते. त्या तहाने वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. मालकी मात्र निजामाचीच राहिली. त्यामुळे सरकारदफ्तरी या मुलखाला हैदराबादचे अमानती जिल्हे असे लांबलचक नाव मिळाले. १८७० साली ए. सी. लायल यांनी इथले पहिले गॅझेटियर सिद्ध केले तेव्हा त्यांना मथळ्यातच सांगावे लागले की याला सगळे लोक वऱ्हाडच म्हणतात. वरिष्ठ हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटाचा, भाषा मराठी, आणि शाळेचा नमुना मुंबई इलाख्याचा, असा तिहेरी प्रकार होता. नमुना मुंबईचा असण्यात नवल नव्हते. शिकलेले मास्तर तिकडूनच येत, क्रमिक पुस्तके तिकडूनच येत, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आणून दिल्यावर मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती. कापूस गेला त्याच वाटेने पुस्तके आली.

लायल यांच्या काळात वऱ्हाडात सरकारी हायस्कुले दोन, एक अकोल्याला आणि एक अमरावतीला. पश्चिम वऱ्हाडाचा कमिशनर जिथे बसे तिथे एक, पूर्व वऱ्हाडाचा बसे तिथे दुसरे. म्हणजे हायस्कूल हे मुलांच्या संख्येवरून नव्हे, कचेरीच्या पत्त्यावरून निघाले. बाकीच्या गावांत मराठी शाळा, मोठ्या गावांत इंग्रजीच्या दोन-तीन इयत्ता.

मुंबई इलाख्याची उतरंड अशी होती: आधी मराठी चार इयत्ता, मग इंग्रजी पहिली ते सातवी. सातवीच्या शेवटी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक. इंग्रजी पहिली ते तिसरी म्हणजे मिडल, चौथीपासून हायस्कूल. आजच्या भाषेत मांडायचे तर आपली आठवी ही त्यांची इंग्रजी चौथी. आठवी त्या काळी हायस्कूलची पहिली पायरी होती, आणि ती पायरी अख्ख्या वऱ्हाडात मोजक्याच ठिकाणी होती.

या पायरीवर अडखळलेला सगळ्यात प्रसिद्ध मुलगा वऱ्हाडचा नव्हता. गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली कऱ्हाडाजवळच्या टेंभूला जन्मले. कऱ्हाडात इंग्रजी तिसरीपर्यंत शिकले आणि तिथे शाळा संपली. पुढे काय झाले ते मराठी वाचकाला ठाऊक आहे: कचेरीतली उमेदवारी, रत्नागिरीची पायपीट, दवाखान्यात कंपाउंडरी, आणि शेवटी नातलगांच्या आधाराने अकोला. आपण ही कथा गरिबीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती सांध्याचीही आहे. इंग्रजी तिसरी आणि चौथी यांच्यामध्ये जी फट होती तिने आगरकरांना कऱ्हाड ते अकोला एवढा प्रवास करायला लावला.

अकोल्याच्या हायस्कुलातून ते १८७५ च्या सुमारास मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. अकोल्यात त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी भेटले. महाजनी टोचून बोलले आणि आगरकरांनी तुमच्यासारखा एम. ए. होऊन दाखवीन असे उत्तर दिले, ही गोष्ट चरित्रांतून चालत आली आहे. चरित्रातल्या अशा ठसकेबाज गोष्टी मी चिमटीत धरूनच वापरतो. पण महाजनींनी आगरकरांच्या पुढच्या शिक्षणाला हात दिला, हे त्या दोघांच्या पुढच्या संबंधांशी जुळते. स्वतः महाजनी पुढे वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात चढत गेले, आणि १९०७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पाच वर्षांनी, १९१२ मध्ये, संमेलन अकोल्याला भरले तेव्हा हरि नारायण आपटे अध्यक्ष होते. शिक्षणखात्यातली, मासिकांतली, संमेलनांतली ही सगळी माणसे पुण्या-मुंबईशी एका दोरीने बांधलेली होती. वऱ्हाडाचे तोंड तेव्हा पश्चिमेला होते.

ते फिरवले १९०३ ने. त्याच्या आदल्या वर्षी निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला गेला, आणि १९०३ मध्ये तो कारभारासाठी मध्यप्रांताला जोडण्यात आला. १९०५ मध्ये वऱ्हाडचे सहा जिल्हे मोडून चार करण्यात आले, एलिचपूर अमरावतीत गेला आणि बाशीम म्हणजे आजचे वाशीम अकोल्यात. त्याच सुमारास विद्यापीठांच्या हद्दी सरकारने नव्याने आखल्या, आणि मध्यप्रांतासह वऱ्हाड पडला तो अलाहाबाद विद्यापीठाच्या हद्दीत. अकोल्याच्या पोराचा पेपर तपासायचा कोणी, हे गंगा-यमुनेच्या संगमावर ठरू लागले. याच्या विरोधात वऱ्हाडात किती कुरकूर झाली असेल याची कल्पना करायला फार कागद लागत नाहीत.

पण खरा बदल परीक्षेत नव्हता, उतरंडीत होता. मध्यप्रांतात मिडल चार वर्गांचे होते: प्राथमिक चार, मिडल पाचवी ते आठवी, त्यावर हायस्कूल. इंग्रजी चौथी हे नाव मागे पडले, 'आठवा वर्ग' आला, आणि हायस्कूलची पहिली पायरी असलेली ही इयत्ता आता मिडलची शेवटची पायरी झाली. 'इयत्ता आठवी' न म्हणता 'आठवा वर्ग' म्हणण्याची वैदर्भी सवय मला याच काळाची खूण वाटते. नागपूरकडे आजही मुलगा कितवीत आहे असे विचारण्याऐवजी कोणत्या वर्गात आहे असे विचारतात.

हा बदल कागदावर एका वर्गाचा दिसतो. गावात त्याचा अर्थ वेगळा होता. मिडल स्कूल म्हणजे तालुक्याच्या गावची शाळा, हायस्कूल म्हणजे शहर. आठवी मिडलमध्ये आली म्हणजे तालुक्याचे पोर आणखी एक वर्ष घरच्या भाकरीवर शिकू शकत होते. तिकडे पुणे भागात 'सातवी फायनल' ही गावातल्या शिक्षणाची शीव होती, सातवी पास म्हणजे मास्तरकीला लायक. इकडे ती शीव 'मिडल पास' होती. माझ्या मते शहाण्यांच्या समित्यांनी नंतर ज्या आकृतिबंधांवर रीमच्या रीम खर्ची घातले, त्यांतला हा सगळ्यात समंजस होता. तो कोणी वऱ्हाडाचे भले चिंतून आणलेला नव्हता, प्रांताबरोबर फुकट आला होता, ही गोष्ट वेगळी.

या उतरंडीवर पाय ठेवत एक मुलगा कसा चढला ते पाहण्यासारखे आहे. पंजाबराव देशमुख १८९८ साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळला जन्मले. गावच्या शाळेनंतर पुढच्या वर्गासाठी चांदूर रेल्वे, मग तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेले कारंजा, मग अमरावतीचे हायस्कूल. प्रत्येक सांध्याला गाव बदलले. १९१८ मध्ये मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गेले. अलाहाबादच्या हद्दीतला मुलगा मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात. हद्दी नकाशावर बदलल्या तरी वऱ्हाडी घराचे कॉलेज पुण्यालाच होते. तिथून ते इंग्लंडला गेले आणि वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन १९२६ साली परतले.

परतल्यावर त्यांनी काय केले याचा क्रम मला बोलका वाटतो. त्यांनी आधी वसतिगृह काढले. अमरावतीचे श्रद्धानंद छात्रालय हे त्यांच्या शैक्षणिक कामाचे पहिले पाऊल, आणि तिथे जातीपातीचा विचार न करता मुले एकत्र राहत. ज्याने स्वतः चार गावी बिऱ्हाड बदलले होते त्याला ठाऊक होते की कुणब्याच्या पोराला अमरावतीत शाळेइतकीच अडचण राहण्याची आहे. तेव्हा गावची मुले शहरात 'खोली करून' राहत. चौघे मिळून एक खोली, घरून आलेले ज्वारीचे पीठ, चुलीचा धूर आणि त्या धुरात पाठांतर. ज्यांना तेही जमत नसे त्यांची नोंद आठव्या वर्गापाशी खारीज होई. १९२८ मध्ये पंजाबराव अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, १९३० ते १९३३ प्रांताचे मंत्री, शिक्षणखातेही त्यांच्याकडे होते. श्री शिवाजी शिक्षण संस्था याच वर्षांत उभी राहिली. आज तिच्या शाळा-महाविद्यालयांची संख्या दोनशेंच्या पुढे आहे आणि त्यांतल्या बऱ्याच ज्या गावांत आहेत तिथे १८७० च्या हिशेबाने हायस्कूल निघालेच नसते, कारण तिथे कमिशनर बसत नव्हता.

मधल्या काळात प्रांताने आपले घर बांधायला घेतले होते. १९२० चा प्राथमिक शिक्षण कायदा, त्याच वर्षीचा स्थानिक स्वराज्याचा कायदा, आणि १९२२ चा हायस्कूल शिक्षण कायदा. या शेवटच्या कायद्याने हायस्कूलची परीक्षा घेणारे मंडळ प्रांतातच झाले, अलाहाबादची वाट बंद झाली. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले, आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज, पुढचे विदर्भ महाविद्यालय. हायस्कुलात मराठीतून शिकवायला मध्यप्रांताने १९२० च्या दशकातच सुरुवात केली. मुंबई-पुण्याच्या हायस्कुलांत इतिहास-भूगोलही इंग्रजीतून घोकला जात होता तेव्हा वऱ्हाडात मराठी शिकवण्याची भाषा होऊ घातली होती. मराठीच्या प्रेमाची प्रमाणपत्रे वाटताना पश्चिमेकडची मंडळी हे सोयीस्करपणे विसरतात.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या स्थानिक शासन कायद्याने जिल्हा कौन्सिले जाऊन तहसीलवार जनपद सभा आल्या. १९५१ मध्ये मध्यप्रदेशाचा माध्यमिक शिक्षण कायदा आला. मुदलियार आयोगाच्या शिफारशीनंतर बहुउद्देशीय शाळांची लाट आली, शेती, सुतारकाम, वाणिज्य असे विषय घेऊन. ती लाट ओसरून जमाना झाला, पण पाट्यांवरचा 'बहुउद्देशीय' हा शब्द विदर्भात अजून जागोजाग दिसतो. पाटी बदलायचा खर्च उद्देश बदलण्यापेक्षा नेहमीच जास्त वाटतो.

मग १ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते, प्रत्यक्षात आठही जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. अमरावती-अकोल्याच्या शाळा त्रेपन्न वर्षांनी पुन्हा मुंबईकडे वळल्या. शाळेच्या दृष्टीने या एका राज्यात तीन संसार होते. पश्चिमेकडे १९४८ च्या कायद्याने निघालेली एस.एस.सी., मराठवाड्यात हैदराबादची पद्धत, विदर्भात मध्यप्रदेशची. पुण्याकडे प्राथमिक शाळा सातवीपर्यंत आणि हायस्कूल आठवी ते अकरावी. विदर्भात प्राथमिक चौथीपर्यंत, मिडल आठवीपर्यंत, हायस्कूल नववीपासून. शिक्षकांच्या वेतनश्रेण्या वेगळ्या, अनुदानाची सूत्रे वेगळी, पाठ्यपुस्तके वेगळी. मिडल स्कूलचा मास्तर पुणेरी हिशेबात धड प्राथमिक नव्हता, धड माध्यमिकही नव्हता. एकत्रीकरण हा शब्द त्या वर्षांच्या कागदांत इतक्या वेळा येतो की राज्य एक झाले आहे यावर लिहिणाऱ्याचाच विश्वास नसावा असे वाटते.

एकत्रीकरण झाले ते पश्चिमेच्या साच्यात, आणि आठवा वर्ग पुन्हा हायस्कूलचा झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, आणि विदर्भातली जुनी सरकारी व जनपदांची हायस्कुले त्यांच्या पदरात पडली. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शाळा म्हणजे खासगी संस्था असे समीकरण असते, विदर्भात मात्र 'जि.प. हायस्कूल' ही पाटी सहज दिसते, तिचे मूळ इथे आहे. १९६५ च्या कायद्याने जुने दोन्ही कायदे रद्द करून एक राज्य मंडळ केले, ते १ जानेवारी १९६६ पासून सुरू झाले, नागपूरला त्याचे विभागीय मंडळ.

गंमत अशी की त्याच १९६५ साली इंग्लंडच्या सरकारने तिथल्या शिक्षण प्राधिकरणांना परिपत्रक धाडले होते: अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची दोन शाळांत वाटणी करणे थांबवा आणि सर्वांसाठी एक शाळा कशी कराल याचा आराखडा पाठवा. तिथेही काउंट्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली. लेस्टरशायरने त्याआधीच, १९५७ मध्ये, अकरा आणि चौदा या वयांवर सांधे ठेवून पाहिले होते. दुसऱ्या काउंट्यांनी नऊ ते तेरा वर्षांची मधली शाळा काढली. मूल कितव्या वर्षी इमारत बदलेल, यावर दोन्हीकडे सभा गाजल्या. फरक एवढाच की तिथे प्रश्न कोणाच्या बरोबर बसायचे हा होता, आणि वऱ्हाडात शाळेला पोचायचे कसे हा.

१९६८ मध्ये मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना राज्याने शालेय शिक्षणावर श्वेतपत्रिका काढली. कोठारी आयोगाच्या दहा अधिक दोन अधिक तीनच्या वाटेने महाराष्ट्र गेला आणि मार्च १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याच वर्षी जुन्या अकरावीची तुकडीही बसली. दोन तुकड्या एकदम कॉलेजच्या दारात, आणि कनिष्ठ महाविद्यालये जागोजागच्या हायस्कुलांत वर्ग वाढवून काढलेली. वऱ्हाडात त्या वर्षाच्या आठवणी काढणारे आजही भेटतात, 'आम्ही जुन्या मॅट्रिकचे' असे ते ताठ मानेने सांगतात.

आठव्या वर्गाची गोष्ट इथे संपली असती. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षणाची व्याख्या पहिली ते आठवी अशी केली. पहिली ते पाचवी एका किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत, असे राज्याच्या नियमांत आले. डिसेंबर २०१३ च्या शासननिर्णयाने शाळांची रचना या व्याख्येला जुळवायला सांगितली, म्हणजे चौथीपर्यंतच्या शाळेला पाचवी जोडा, सातवीपर्यंतच्या शाळेला आठवी. विदर्भातला खासगी हायस्कूलवाला पाचवीपासून मुले घेत आला होता, मध्यप्रांतापासूनची ती रीत. त्याची पाचवी जिल्हा परिषद मागू लागली आणि आठवीही. २८ ऑगस्ट २०१५ आणि १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयांनी संचमान्यतेचे, म्हणजे किती मुलांमागे किती शिक्षक याचे निकष बदलले आणि भांडण वर्गाचे न राहता पोटाचे झाले. एक तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त, अतिरिक्त झाला की समायोजन, समायोजन म्हणजे मेळघाटाच्या पायथ्याची एखादी शाळा. जून उजाडायच्या आधी उन्हात, दारोदार, टीसी गोळा करत फिरणारे गुरुजी अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत दिसतात. आठव्या वर्गाची मुले कोणाची हे आता मंडळ नव्हे, पटसंख्या ठरवते.

अकोल्यात जिल्हा परिषदेचे एक हायस्कूल आहे, त्याला आगरकरांचे नाव आहे. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकसाठी इंग्रजी तिसरीच्या पुढे शिकायला आलेल्या मुलाचे नाव, मध्यप्रांताच्या वारशातून जिल्हा परिषदेकडे आलेल्या शाळांच्या रांगेत, राज्य मंडळाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या दाखल्यावर छापले जाते. आणि जिल्ह्यातल्या आठवीपर्यंतच्या एखाद्या शाळेतून कोणी एप्रिल-मे मध्ये टीसी काढली, तर शेवटच्या रकान्यात आजही तेच चार-दोन शब्द लिहिलेले असतात: वर्ग आठवा पास, पुढील शिक्षणाकरिता.